मेलपासून कोडपर्यंत आणि परत

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी बरीच वर्षं काम करते आहे. आमचे बहुतेक ग्राहक सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत आहेत. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ठेवींवरचं व्याज, कर्जाचे हप्ते, पिग्मी एजंटांनी दिवसभरात गोळा केलेली रक्कम, हे सगळं आमच्या प्रोग्रॅममधून जातं. कुठे काही अडलं की शाखेतला क्लार्क किंवा व्यवस्थापक आम्हाला मेल करतो. आम्ही प्रोग्रॅमर मात्र दिवसभर गिटहबवर असतो. कोड तिथे, कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे आणि कुठलं काम कुणाकडे आहे याची नोंद, म्हणजे इश्यू, तेही तिथेच. ग्राहकाने गिटहबचं नावही ऐकलेलं नसतं आणि प्रोग्रॅमर सपोर्टचा मेलबॉक्स उघडत नाही. ही दोन टोकं जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. तांत्रिकदृष्ट्या ते फार अवघड नव्हतं. पण आपली कंपनी ग्राहकाला नेमका काय शब्द देते, तो कोण देतं आणि तो पाळला गेला की नाही हे कोण बघतं, हे मला त्या कामामुळे पहिल्यांदा नीट कळलं.

आधी हे काम आमच्या सपोर्ट डेस्कवरच्या मॅडम हाताने करायच्या. सकाळी मेलबॉक्स उघडायचा, एकेक मेल वाचायचा, समजलं नाही तर संस्थेत फोन करायचा, मग गिटहबवर इंग्रजीत इश्यू लिहायचा. दोन-चार दिवसांनी तो इश्यू पुढे सरकला का ते बघायचं आणि झाला असेल तर ग्राहकाला उत्तर लिहायचं. या सगळ्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आणि एका जाड वहीत असे. एरवी ते निभावत होतं. मार्चअखेर जवळ आली, व्याज जमा करण्याचे आणि ताळेबंदाचे दिवस आले की मेलचा ओघ कितीतरी पटींनी वाढायचा आणि वही मागे पडायची. मोठ्या तक्रारी कधी हरवत नसत, कारण त्यांच्यामागे दहा फोन यायचे. हरवायची ती शांत माणसाची तक्रार. जो फोनवर आवाज चढवतो त्याचं काम आधी होतं आणि जो एकदा व्यवस्थित मेल लिहून विश्वासाने वाट बघतो त्याचं राहून जातं, हे मला फार खुपायचं. ही जोडणी मला हवी होती ती मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी.

आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. "ग्राहकांना एक पोर्टल देऊ या. त्यांनी फॉर्म भरावा, आपल्याकडे थेट इश्यू तयार होईल. मेल कशाला हवा?" त्याचा मुद्दा प्रोग्रॅमरच्या सोयीचा होता. पण तालुक्याच्या गावातल्या शाखेत मेलचं एक स्थान आहे. व्यवस्थापक बदलतात, क्लार्क बदलतात, संस्थेचा मेल आयडी तोच राहतो. पाठवलेल्या मेलची प्रिंट काढून फाइलला लावली जाते आणि लेखापरीक्षक आले की ती दाखवता येते. दिवसभर काउंटर सांभाळणाऱ्या माणसाला आमच्या सोयीसाठी आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवायला लावणं मला पटत नव्हतं.

शिवाय मेल आणि कोड यांचं नातं गिटहबपेक्षा जुनं आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला. मेल पोचवण्याचे एसएमटीपीचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी आणि कर्नलचे प्रोग्रॅमर तेव्हाही आपले बदल एकमेकांना मेलनेच पाठवत होते, आजही मोठ्या प्रमाणावर पाठवतात. म्हणूनच गिटमध्ये कोडमधला बदल थेट मेल करण्याची आज्ञाच आहे. गिटहब आलं ते त्यानंतर, २००८ साली. जगातला इतका मोठा कोड ज्या साधनावर उभा राहिला ते साधन आमच्या ग्राहकांना सोडायला लावण्याचं काही कारण नव्हतं. वाकायचं तर आम्ही वाकायचं, असं ठरलं.

साधनं बरीच होती. झॅपिअरसारखी सेवा बरीच वर्षं हेच काम करते: एका ठिकाणी काही घडलं की दुसऱ्या ठिकाणी काहीतरी करायचं. गिटहबची स्वतःची ॲक्शन्स नावाची सोयही २०१९पासून सगळ्यांसाठी खुली आहे, पण ती प्रामुख्याने रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, घडणाऱ्या गोष्टींवर चालते. आमची गोष्ट सुरू होत होती मेलबॉक्समध्ये. आम्ही एन-एट-एन निवडलं. बर्लिनच्या यान ओबरहाउझर यांनी ते २०१९ साली लोकांपुढे आणलं. ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, हा आमच्यासाठी निर्णायक मुद्दा होता. पतसंस्थेच्या मेलमध्ये सभासदांची नावं असतात, खाते क्रमांक असतात, कर्जाच्या रकमा असतात. हे सगळं तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून फिरवून आणायची आमची तयारी नव्हती.

एन-एट-एनमध्ये काम दिसतं ते चौकोनांच्या साखळीसारखं. पहिला चौकोन दर पाच मिनिटांनी मेलबॉक्स बघतो. दुसरा मेल उलगडतो. तिसरा ठरवतो की हा नवा विषय आहे की जुन्याचं उत्तर. चौथा गिटहबवर इश्यू उघडतो, पाचवा ग्राहकाला पोच देतो. कागदावर हे अर्ध्या तासात काढून होतं. प्रत्यक्षात प्रत्येक चौकोनापाशी एकेक प्रश्न उभा राहिला आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. ते मॅडमच्या डोक्यात होतं. म्हणून मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले आणि तेच या कामातलं सर्वांत मोलाचं पाऊल ठरलं.

मेल उलगडण्याचंच घ्या. आपल्याला पडद्यावर मराठी विषय दिसतो, पण तारेवरून जाणाऱ्या मेलच्या माथ्यावर सहसा देवनागरीचं एकही अक्षर नसतं. एसएमटीपीचे मूळ नियम फक्त इंग्रजी अक्षरांचा विचार करून लिहिलेले होते. १९९२ साली माइम नावाची पद्धत आली आणि इतर लिपी इंग्रजी अक्षरांत गुंडाळून पाठवता येऊ लागल्या. 'व्याज चुकीचे येत आहे' हा विषय यंत्राकडे येतो तो रोमन अक्षरं आणि आकड्यांची एक निरर्थक दिसणारी माळ होऊन. ती उलगडणारा तयार चौकोन मिळतो, तेवढं सोपं आहे. पण जोडपत्रांचं काय? काही शाखांत अजून श्रीलिपीत टाइप केलेली वर्डची फाइल येते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यातला मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कुणी मोबाइलने संगणकाच्या पडद्याचा फोटो काढून पाठवतो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि आकडे अर्धे झाकलेले. मॅडम असा फोटो बघून सांगू शकत, "हा कर्जखात्याचा उतारा आहे आणि त्यांनी तारीख चुकीची टाकली आहे." मी त्यावर एक नियम केला: जोडपत्र यंत्राने वाचायचं नाही. जोडपत्र असलेला मेल आला की इश्यूवर 'मॅडमनी पाहायचं आहे' असं लेबल लागतं आणि मॅडम दोन ओळी लिहितात तेव्हाच तो इश्यू प्रोग्रॅमरकडे जातो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पतसंस्थेतली माणसं पावतीचा नंबर लिहिताना सवयीने आधी चौकट-फुलीचं चिन्ह टाकतात, #११८ असं, आणि बहुतेक वेळा आकडे इंग्रजी टाइप करतात. गिटहबवर त्या चिन्हापुढचा इंग्रजी आकडा म्हणजे इश्यूचा नंबर. त्यामुळे पिग्मीच्या पावतीबद्दलची तक्रार आपोआप ११८ नंबरच्या इश्यूशी जोडली जाते, ज्याचा तिच्याशी काडीचा संबंध नसतो, आणि त्या जुन्या इश्यूवरही तशी नोंद उमटते. उपाय साधा आहे. ग्राहकाचा मजकूर इश्यूमध्ये टाकताना तो कोडच्या चौकटीत टाकायचा, तिथे गिटहब असे दुवे जोडत नाही. उपाय एका ओळीचा, पण ग्राहक आपली पावती कशी लिहितो हे माहीत असल्याशिवाय तो सुचत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न सभासदांच्या खासगी माहितीचा. मेलच्या मजकुरातच कुणी आधार क्रमांक लिहितं, कुणी पॅन लिहितं, तेही मदत लवकर मिळावी म्हणून. गिटहबवर इश्यू उघडला की त्या रेपोवर लक्ष ठेवून असलेल्या प्रत्येकाला गिटहब मेलने कळवतं आणि त्या मेलमध्ये इश्यूचा मजकूर असतो. म्हणजे एका सभासदाचा आधार क्रमांक आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमरच्या मेलबॉक्समध्ये आणि मोबाइलवर जाऊन बसणार. नंतर इश्यूतला मजकूर बदलला तरी गेलेला मेल परत येत नाही. म्हणून आकडे झाकायचे ते इश्यू उघडण्याच्या आधीच्या चौकोनात, नंतर कधीच नाही. आधार म्हणजे बारा आकडे, पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे आणि एक अक्षर. हे शोधायला जावास्क्रिप्टमध्ये आकड्यासाठी जी तयार खूण वापरतात ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते. आमचे कित्येक ग्राहक मराठी आकडे लिहितात. १ ते ९ आणि शून्य हे दोन्ही लिप्यांत स्वतंत्रपणे तपासावे लागले. खाते क्रमांक मात्र पूर्ण झाकला तर प्रोग्रॅमरला काहीच शोधता येत नाही, म्हणून त्याचे शेवटचे चार आकडे उघडे ठेवले. मूळ मेल आणि जोडपत्रं मेलबॉक्समध्येच राहतात, इश्यूत फक्त त्या मेलचा संदर्भ जातो. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो नसता तरी हे करायलाच हवं होतं. सभासदाने आपली माहिती पतसंस्थेला विश्वासाने दिलेली असते, आमच्या रेपोला नाही.

मग आला जुन्या-नव्या विषयाचा प्रश्न. प्रत्येक मेलला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो आणि उत्तराच्या मेलमध्ये मूळ मेलचा क्रमांक नोंदलेला असतो. त्यावरून हे उत्तर कुठल्या इश्यूचं ते यंत्राला कळतं. तोच मेल दुसऱ्यांदा वाचला गेला तरी दुसरा इश्यू उघडत नाही, तेही या क्रमांकामुळेच. नियम चोख आहे. पण शाखेतल्या माणसाची रीत अशी की आमचा कुठलातरी जुना मेल शोधायचा, 'रिप्लाय' दाबायचा आणि त्यातच नवी तक्रार लिहायची, कारण आमचा पत्ता तिथे तयार मिळतो. गेल्या वर्षीच्या चेकबुकाच्या मेलखाली यंदाच्या व्याजाची तक्रार. नियमाप्रमाणे ती जुन्या, बंद झालेल्या इश्यूवर जाऊन पडणार आणि तिकडे कुणीही फिरकणार नाही. म्हणजे शांत माणसाची तक्रार हरवायची ती पुन्हा हरवलीच, फक्त आता यंत्राच्या साक्षीने. मॅडम म्हणाल्या, "ते लोक असंच पाठवणार. त्यांना शिकवत बसू नका." म्हणून ठरवलं की बंद इश्यूवर ग्राहकाचं उत्तर आलं तर ते 'आभारी आहे' इतकंच आहे की नवं काही आहे, हे माणसाने बघायचं. यंत्राने ते मॅडमसमोर आणून ठेवायचं, स्वतः कुठल्याही खणात टाकायचं नाही.

पोच देण्यातही एक धोका असतो आणि तो मेल हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. ग्राहक रजेवर असला की त्याच्या मेलबॉक्समधून आपोआप उत्तर येतं. आपलं यंत्र त्या उत्तरालाही पोच देतं, त्या पोचेला तिकडून पुन्हा उत्तर येतं आणि दोन यंत्रं रात्रभर एकमेकांना मेल पाठवत बसतात. यासाठी २००४ साली एक शिस्त लिहून ठेवलेली आहे: आपोआप पाठवलेल्या मेलच्या माथ्यावर तशी खूण लावावी आणि खूण दिसली तर यंत्राने उत्तर देऊ नये. आम्ही खूण लावतोही आणि बघतोही. पण समोरचा लावेलच असं नाही, म्हणून एका विषयाला एकच पोच हा नियम वेगळा ठेवला. सुरू करण्याआधी एक चाचणीचा मेलबॉक्स उघडून त्यावर मुद्दाम रजेचं उत्तर लावलं आणि साखळी थांबते हे डोळ्यांनी बघितलं. कुणीही अशी जोडणी करत असेल तर ही चाचणी टाळू नये.

इथपर्यंतचा प्रवास मेलकडून कोडकडे. खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागली.

प्रोग्रॅमर काम झालं की कोडच्या नोंदीत 'फिक्सेस' हा शब्द आणि इश्यूचा नंबर लिहितो. तो बदल कोडच्या मुख्य शाखेत मर्ज झाला, म्हणजे मिसळला गेला, की गिटहब तो इश्यू आपोआप बंद करतं. इश्यू बंद झाल्याची खबर गिटहब वेबहुकने, म्हणजे आपोआप पाठवलेल्या निरोपाने, आमच्या सर्व्हरला त्याच क्षणी देऊ शकतं. तेव्हा सगळ्यांना सुचणारी जोडणी म्हणजे इश्यू बंद झाला की ग्राहकाला मेल. आमचा तरुण सहकारीही तेच म्हणाला, "मॅडम, इश्यू बंद झाला की मेल जाऊ दे ना आपोआप." त्यावर मॅडमनी त्याला शांतपणे विचारलं, "अरे, तुझ्याकडे बंद झाला. त्यांच्याकडे अपडेट गेलं का?"

हा एक प्रश्न आम्ही सगळ्यांनी बराच वेळ समोर ठेवला. कोड मर्ज होतो मंगळवारी. तो चाचणीला जातो. मग आठवड्याच्या आवृत्तीत बांधला जातो. संस्थेत ती आवृत्ती चढवायची ती दिवसअखेर झाल्यावर, कारण दिवसाचा व्यवहार चालू असताना सॉफ्टवेअर बदलत नाहीत. एखाद्या शाखेत त्या संध्याकाळी वीज नसते, कुठे नेट नसतं. म्हणजे प्रोग्रॅमरने हात झटकल्यापासून काउंटरवरच्या क्लार्कला योग्य व्याज दिसेपर्यंत कित्येक दिवस जातात. त्या मधल्या दिवसांत 'आपली अडचण दूर झाली आहे' असा मेल गेला, तर क्लार्क प्रोग्रॅम उघडून बघणार, तेच चुकीचं व्याज दिसणार आणि पुढच्या वेळी आमच्या कुठल्याही मेलवर त्याचा विश्वास बसणार नाही. यंत्राने केलेलं सर्वांत मोठं नुकसान असं असतं: तांत्रिकदृष्ट्या अचूक आणि माणसाच्या दृष्टीने खोटं.

आम्ही मग कामाच्या पायऱ्या नव्याने लिहिल्या. नोंद झाली, काम सुरू आहे, कोड तयार आहे, आवृत्ती निघाली, संस्थेत पोचली, संस्थेने पाहिली. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक संस्थेत कुठली आवृत्ती चालू आहे हे आम्हाला कळवत असतं. म्हणून साखळीची सुरुवात इश्यू बंद होण्यापासून काढून आवृत्ती जाहीर होण्यापाशी नेली. त्या आवृत्तीत कुठले इश्यू आहेत ते यंत्र गोळा करतं, प्रत्येक इश्यू कुठल्या संस्थेचा ते बघतं आणि त्या संस्थेत ती आवृत्ती खरोखर चढेपर्यंत थांबतं. चढली की मेलचा मसुदा तयार होतो. आणि इश्यूला 'संस्थेने पाहिलं' हे लेबल लागतं ते फक्त संस्थेचं उत्तर आल्यावर किंवा मॅडमनी फोनवर विचारून घेतल्यावर.

मसुदा म्हटलं, कारण तो मेल यंत्र पाठवत नाही. हा निर्णय सर्वांत जास्त वादाचा झाला. एवढं सगळं केल्यावर शेवटचं बटण माणसानेच दाबायचं तर उपयोग काय, असं विचारलं गेलं. माझं उत्तर तेव्हाही ठाम होतं, आजही आहे. पोच आणि काम झाल्याचा निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आपला मेल मिळाला, नोंद क्रमांक अमुक' यात कुणी कसलाही शब्द देत नाही, ती पोच यंत्राने द्यावी. 'आता तुमचं काम नीट होईल' हा शब्द आहे. तो द्यायला माणूस हवा, कारण तो पाळला गेला नाही तर ज्याला विचारता येईल असं कुणीतरी हवं.

याचा अनुभव लवकरच आला. एका संस्थेत पिग्मीच्या पावत्यांवर एजंटाचं नाव चुकीचं छापलं जात होतं. दुरुस्ती झाली, आवृत्ती चढली, यंत्राने मसुदा केला: आपली अडचण दूर करण्यात आली आहे. मॅडमनी तो वाचला आणि खाली लिहिलं, "साहेब, आधी छापलेल्या पावत्यांवर नाव चुकीचंच राहणार. त्या परत छापून जुन्या पावत्यांवर 'रद्द' शिक्का मारा आणि दोन्ही फाइलला लावा, म्हणजे ऑडिटला अडचण येणार नाही. जमलं नाही तर मला फोन करा." कोड लिहिणाऱ्याला जुन्या पावत्या आठवायचं कारण नव्हतं. यंत्राला तर नाहीच. पण त्या संस्थेला खरी गरज त्या तीन ओळींची होती.

जोडणी चालू ठेवणं हे वेगळं काम आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. गिटहबकडून येणाऱ्या प्रत्येक वेबहुकवर एक सही असते, आपण ठरवलेल्या गुप्त शब्दावरून काढलेली. ती जुळली नाही तर निरोप टाकून द्यायचा, नाहीतर कुणीही बाहेरून खोटा निरोप पाठवू शकतो. गिटहबला दहा सेकंदांत उत्तर हवं असतं, म्हणून आधी 'मिळालं' म्हणायचं आणि काम मागाहून करायचं. आपला सर्व्हर त्या क्षणी बंद असेल तर गिटहब तो निरोप स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. आपणच जाऊन मागावा लागतो, तोही गेल्या तीन दिवसांतलाच मिळतो. यंत्राला दिलेल्या टोकनला, म्हणजे गिटहबमधल्या प्रवेशाच्या किल्लीला, फक्त एका रेपोतले इश्यू वाचण्या-लिहिण्याची परवानगी आहे, कोडला हात लावायची नाही. आणि साखळीत बिघाड झाल्याची सूचना मेलने पाठवायची नाही, कारण मेलच बिघडला असेल तर ती सूचना येणार कशी? ती एसएमएसने येते.

या सगळ्यावरचा उपाय आम्हाला आमच्या ग्राहकांकडून मिळाला. पतसंस्थेत संध्याकाळी रोख मोजून रोजकीर्दीशी जुळवल्याशिवाय तिजोरीला कुलूप लागत नाही, एक रुपया कमी-जास्त असला तरी सगळे थांबतात. आमचं यंत्रही रोज रात्री तसाच मेळ घालतं. आज मेलबॉक्समध्ये किती मेल आले, त्यांतले किती नवे इश्यू झाले, किती जुन्यांना जोडले गेले, किती मॅडमसमोर थांबले. बेरीज जुळायलाच हवी. जुळली नाही तर सकाळी पहिलं काम ते. वेबहुक आला की नाही, चौकोन चालला की नाही, या काळज्यांपेक्षा हा रात्रीचा मेळ मला जास्त निश्चिंत करतो, कारण तो कारण न विचारता फरक दाखवतो.

काम सुरू होताना मॅडमनी मला विचारलं होतं, "हे झाल्यावर मी काय करायचं?" प्रश्न रास्त होता आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार होता. मी तेव्हा जे सांगितलं ते पुढे खरं ठरलं याचं मला समाधान आहे. त्यांचा दिवसातला जो वेळ नोंदी उतरवण्यात आणि इश्यू तपासण्यात जायचा तो आता संस्थांशी बोलण्यात जातो. ज्या संस्थेकडून बरेच दिवस एकही मेल आला नाही तिथे त्या स्वतःहून फोन करतात, "साहेब, सगळं ठीक चाललंय ना?" अशा फोनमधून कितीतरी अडचणी कळतात, ज्या लोकांनी कधी मेलमध्ये लिहिल्याच नसत्या. ग्राहकांच्या चालीरीतींबद्दलचं त्यांचं ज्ञान आता साखळीच्या नियमांत लिहिलेलं आहे, प्रत्येक नियमाशेजारी तो का केला याची एक मराठी ओळ आहे. नवा माणूस ते वाचून काम समजून घेतो.

अलीकडे सुचवलं जातं की मेल वाचून उत्तरही एआयने लिहावं. एन-एट-एनमध्ये तसे चौकोन जोडता येतात. तक्रार व्याजाची की छपाईची, एवढा अंदाज यंत्राने बांधायला माझी हरकत नाही, तो चुकला तरी माणूस लेबल बदलतो. पण ग्राहकाला दिलेला शब्द मी यंत्राच्या हाती देणार नाही.

हे लिहिण्याचं कारण एवढंच की अशा जोडण्या आता छोट्या-छोट्या कंपन्यांत, संस्थांत, अगदी शाळा-दवाखान्यांतही होऊ लागल्या आहेत. साधनं स्वस्त आहेत, चौकोन ओढून रेघा जोडल्या की काम झाल्यासारखं वाटतं. ज्यांच्याकडे हे काम येईल त्यांना माझी विनंती आहे: साधन उघडण्याआधी, आजवर जो माणूस ते काम हाताने करत आला आहे त्याच्या शेजारी बसा. तो कुठे थांबतो, कुणाला फोन करतो, कुठला मेल बाजूला ठेवतो, हे बघा आणि का ते विचारा. प्रत्येक उत्तर लिहून काढा. निरोप पोचवण्याचं आणि मेळ घालण्याचं काम यंत्राला निर्धास्तपणे द्या. 'तुमचं काम झालं' हे सांगण्याची जबाबदारी मात्र नावानिशी एका माणसाकडे ठेवा, आणि त्याला ती निभावायला पुरेसा वेळ द्या.